अख्ख्या वऱ्हाडात एकच मुदिता

माझ्या नातीचं नाव अख्ख्या वऱ्हाडात एकमेव आहे, असं मी माइकवरून जाहीर केलं, तेव्हा त्याच नावाच्या पाच मुली समोरच्या सतरंजीवर बसून बुंदीची वाट पाहत होत्या.

याची सुरुवात आमच्या स्वयंपाकघरात झाली. माझी बायको शोभा अमरावतीला बाळंतपणाच्या वॉर्डात नर्स होती आणि मी एका कॉलेजात ग्रंथपाल. तिच्याकडे बाळं होती, माझ्याकडे शब्द. वॉर्डातल्या बाया तिला नाव विचारायच्या. मग राजापेठेतल्या घरी आली की चपला काढता काढता ती म्हणायची, "अहो, एका पोरीसाठी नाव द्या. साधं, पन दुसरीकडं नसलेलं." मी चष्मा लावून कोश काढायचो आणि अर्ध्या तासानं चिठ्ठीवर एक नाव लिहून द्यायचो. (तोवर भात करपलेला असे. त्याच्याकडे लक्ष ठेवायचं काम माझंच असे.)

एक नाव मात्र मी राखून ठेवलं होतं. मैत्री, करुणा, मुदिता, उपेक्षा या भगवान बुद्धांनी सांगितलेल्या चार भावना. मैत्री आमच्या गल्लीतच दोन होत्या. करुणा माझ्या आत्याचं नाव होतं (फार तापट बाई). आणि उपेक्षा हे नाव पोटच्या मुलीला कोण देणार? उरली मुदिता. दुसऱ्याचं सुख पाहून आपल्याला होणारा आनंद. मी शोभाला सांगितलं, "हे आपल्या नातीसाठी. हे वॉर्डात न्यायचं नाही." दुर्मीळ पुस्तकांवर आम्ही 'बाहेर नेण्यास मनाई' असा शिक्का मारायचो, तसा मी त्या नावावर मनातल्या मनात मारला. शोभा भाजी निवडत होती. वर न पाहता "बरं" म्हणाली.

शोभा गेल्या वर्षी गेली. शेवटच्या आठवड्यात तिनं एवढंच सांगितलं, "अश्विनीले पोरगी झाली तं मुदिता ठेवा." आठ महिन्यांनी अश्विनीला, आमच्या एकुलत्या एका लेकीला, सासरी अकोल्यात मुलगी झाली.

विहीणबाईंना 'अनायरा' हवं होतं.

"भाऊ, मुदिता जुनं वाटते," त्या म्हणाल्या.

"जुनं नाही, दुर्मीळ आहे."

"किती दुर्मीळ?"

"अख्ख्या वऱ्हाडात एक."

"असं असन तं ठेवू. पन दुसरी निघाली, तं अनायरा."

मी कबूल झालो. शोभाचा शेवटचा शब्द होता तो. शिवाय अनायराचा अर्थ मला कुठल्याच कोशात सापडत नव्हता.

नाव नामकरणाच्या दिवसापर्यंत बाहेर फोडायचं नसतं, म्हणून मी कोणालाच सांगितलं नाही. तिथेच फसलो. पाहुणे म्हणून शोभाच्या फोनमधल्या सगळ्या बायांना बोलावलं. ती गेल्यावर या बाया घरी येऊन रडून गेल्या होत्या, पण त्यांची नावं मला ठाऊक नव्हती. फोनमध्येही नव्हती. तिथे होतं 'वलगाव पायाळू', 'राजापेठ सिझर', 'बडनेरा तिसरी'. मी पहिला नंबर लावून अदबीनं विचारलं, "नमस्कार, आपण पायाळू का?"

"मी नाई जी, माही पोरगी," पलीकडून उत्तर आलं. "सिस्टरची नात म्हनजे आमचीच नात. येतो आमी."

रविवारी अमरावतीत, आमच्या कॉलनीतल्या बुद्धविहारात वंदना झाली आणि माइक माझ्या हातात आला. जन्मात मी भाषण केलेलं नव्हतं. त्याची भरपाई म्हणून चार पानं लिहून आणली होती. पहिल्या पानावर नावाचा उगम, दुसऱ्यावर अर्थ. तिसऱ्या पानाला बाळ झोपलं. चौथ्यावर मी ते 'अख्ख्या वऱ्हाडात एकमेव' वाचलं.

"माहं बी हेच नाव आहे," सतरंजीवरून आवाज आला. दोन वेण्यांची एक मुलगी.

मी समजुतीनं हसलो. तिनं पाण्याची बाटली वर केली. तिच्यावर लिहिलं होतं: मुदिता, दुसरी ब.

मागून एक बाई उठली. "असं कसं? माह्या पोरीचं नाव मुदिता. सिस्टर म्हनल्या होत्या, हे नाव कोनालेच देलं नाई."

"काय सांगता? मले बी हेच म्हनल्या," तिसरी उठली.

मग चौथी. मग पाचवी. मी भाषणाचं पान उलटं करून पाहिलं. मागे काही लिहिलेलं नव्हतं.

"भाऊ, किती झाल्या?" विहीणबाईंनी शांतपणे विचारलं.

"पाच."

"अनायरा एक बी नाई."

अश्विनी बाळाला घेऊन माझ्याकडे पाहत होती. "बाबा, आईनं असं केलं?" मला राग आला होता, पण ज्या माणसावर काढायचा ते समोर फोटोत हसत होतं.

तेवढ्यात 'बडनेरा तिसरी' पुढं आली. "काका, सिस्टरवर रागावू नका. मले तिसरी पोरगी झाली, तं सासू तोंड न पाहता निंघून गेली. मी बी भिंतीकडं तोंड करून पडली होती. सिस्टर आल्या. म्हने, माह्या घरी एक नाव लपवून ठेवलं आहे, माह्या नातीसाठी. आमच्या घरच्या सायबाले सांगू नको. ते तुह्या पोरीले देऊन राहिली. आता हिले जवळ घे." तिनं सतरंजीवरच्या आपल्या पोरीकडे पाहिलं. "मंग मी घेतलं."

बाकीच्या चौघी नुसत्या माना हलवत होत्या.

विहीणबाईंनी माझ्या हातातून माइक काढून घेतला. मला वाटलं, संपलं.

"माहं निर्मला नाव शाळेतल्या गुरुजीनं ठेवलं," त्या म्हणाल्या. "मी घरात पाचवी पोरगी. घरचं नाव वेगळं होतं. ते कोनी विचारू नका." मग माइक बाजूला ठेवून त्या बाळाच्या कानाशी वाकल्या आणि हळूच काहीतरी म्हणाल्या.

"काय ठेवलं, आई?" अश्विनीनं सासूला विचारलं.

"सिस्टरनं ठेवलं तेच."

बाटलीवाल्या मुदितानं बोटांवर मोजलं आणि शेजारणीला सांगितलं, "आता आमी सहा."

बुंदी वाढताना मी "मुदिता, ये गं" म्हटलं, तर पाच ताटल्या पुढं आल्या आणि सहावी रडायला लागली.

दुसऱ्याच्या सुखात आनंद मानणं, हा अर्थ शोभाला मीच सांगितला होता, कोशातलं पान उघडून दाखवून. तिनं तो पाळला, मी पाठ केला. चौतीस वर्षांच्या नोकरीत एकही पुस्तक न हरवलेल्या या ग्रंथपालाच्या घरातून, 'बाहेर नेण्यास मनाई' असलेली एकुलती एक प्रत पाच वेळा बाहेर गेली, आणि त्याला पत्ता लागला तो सहावा वाचक पाळण्यात आल्यावर.