कपाटाची काच

मुलीने आज माझ्या पर्समध्ये गुळाचा खडा ठेवला आणि त्या वासाने मला थेट इंद्रपुरीतल्या, बाबांच्या कारखान्याच्या क्वार्टरमध्ये नेलं.

मी तेव्हा तेरा वर्षांची होते आणि मला डायबिटीस होता. चोरून खाते म्हणून आईने साखर-गूळ काचेच्या कपाटात कुलूप लावून ठेवला होता. त्या दुपारी ती किल्ली घेऊनच हळदीकुंकवाला गेली. बाबा कारखान्यातून जेवायला आले, तोवर इन्सुलिनमुळे माझी शुगर एकदम घसरली होती. मी भिंतीवर डोकं आपटत होते, माणसं ओळखत नव्हते. बाबांनी धरलं तर मी त्यांना लाथा घातल्या.

त्यांनी मुठीनेच काच फोडली. मला गुडघ्याखाली दाबून तोंडात गूळ कोंबला. मी त्यांचा अंगठा कडकडून चावले. गूळ आणि रक्त एकदमच जिभेवर आलं. शेजारच्या चाची दारातून किंचाळल्या, "भाईसाब, मार डालोगे क्या बच्ची को?"

मलाही तेच वाटत होतं. तरी त्यांनी अंगठा मागे घेतला नाही, हे आता आठवतं.

ती काच बाबांनी पुन्हा बसवलीच नाही. आई कुरकुरायची, "मुंग्या होतात हो."

"होऊ देत. हिचा हात पोचला पाहिजे."