उतावळी खोटी माणसं

ऑफिसात तिला सगळे 'पाडापाडी मावशी' म्हणत. नवं ॲप लोकांच्या हाती जाण्याआधी त्यावर संगणकाने बनवलेली हजारो खोटी माणसं सोडायची आणि ते कुठे कोलमडतं ते पाहायचं, हे तिचं काम.

या वेळी ॲप दवाखान्यात नंबर लावण्याचं होतं. चाचणीत ते ठणठणीत चाललं. साहेब खूश झाले. तिला मात्र चैन पडेना.

घरी आली तर आई फोनवर एकच बटण पुन्हा पुन्हा दाबत बसलेली.

"अगं आई, एकदा दाबलं की पुरे!"

"मग हलत का नाही मेलं?"

तिथेच तिला आपली चूक कळली. तिची खोटी माणसं फारच शहाणी होती. एकदा दाबून गप्प बसायची. दुसऱ्या दिवशी तिने त्यांना आईसारखं उतावळं केलं. एकेकाच्या चार चार मागण्या अंगावर येताच ॲप आडवं झालं.

"मावशी, घात केलात! परवा उद्घाटन आहे," साहेबांनी कपाळाला हात लावला.

"दुरुस्ती होईपर्यंत पुढे ढकला. त्यानंतर पडलं, तर दोष माझा."

उद्घाटन लांबलं. अखेर ते झालं, त्या सकाळी खऱ्या लोकांची झुंबड उडाली. पडद्यावरची गर्दी मोजणारी रेघ चढतच गेली. ॲप मात्र पाय रोवून उभं राहिलं.

तेवढ्यात आईचा फोन आला. तिने तो स्पीकरवर टाकला.

"लागला गं माझा नंबर! कितीदा दाबलं, तरी एकच लागला!"

पहिली टाळी साहेबांनी वाजवली.