मुलीच्या मामांनी मंडपात यावे

कोल्हापूरहून निघताना बायकोने दोनदा विचारलं, "अहो, भर वैशाखात, दुष्काळात, बीडला कोण जातं?"

"मामा जातो!" मी छाती काढून सांगितलं. मग वाटेत कंडक्टरला सांगितलं, शेजारच्या आजोबांना सांगितलं, रसवंतीवाल्याला तर न विचारता सांगितलं, "लग्नाला चाललोय. मुलीचा मामा आहे!"

मामा तसा मानलेला. सखूबाई दरसाल बीडकडून टोळीबरोबर आमच्याकडे ऊस तोडायला येते. तिला भाऊ नाही. भाऊबीज फडातच (तोडणी चाललेल्या उसात) यायची आणि ती मला ओवाळायची. तिची रेणुका आमच्या बांधावर रांगली; अर्धं वर्ष आमच्या शाळेत, अर्धं तिकडच्या. आता तिचंच लग्न, आणि मंगलाष्टकांना नवरीच्या पाठीशी मामा नको?

वडवणीच्या स्टँडवर रफिक मिस्त्री मोटारसायकल घेऊन उभा होता. पंप, ट्रॅक्टर, टँकर, जे बिघडेल ते दुरुस्त करणारा, सखूबाईचा शेजारी. माझा गुलाबी फेटा बघताच ओरडला, "मामू, तुमीच! बसा लवकर. पोरगी कालपासून जेवली न्हाई."

"का रे?"

"कावून ते मामूलाच सांगीन म्हणती."

मी टांग टाकून मागे बसलो. रफिकने गाडी अशी पिटाळली की फेट्याचं टोक सुटलं आणि सगळा फेटा मागे रस्त्यावर पसरत गेला. परत फिरून बघतो तर एक म्हैस तो निवांत चघळत उभी! आयला, एवढा हसलो की गाडीवरून पडायचाच बाकी होतो. रफिकने खांद्यावरचा रुमाल काढून माझ्या डोक्याला गुंडाळला. "ईदचा हाय मामू, जपून!"

दोन्हीकडे रानं करपलेली, विहिरींचे तळ उघडे. आणि मधेच गाव वसावं तशी छावणी (दुष्काळात जनावरं जगवायचा तळ). इथल्या सहकारी दूध संस्थेने ती उघडली होती. जनावरं टाकून घरी कोण जाणार, म्हणून लग्नच जनावरांकडे आलं होतं. चाऱ्याच्या गंजीला टेकून मंडप. चार-पाच गावांची, नाना जातींची माणसं दाव्याला दावं लावून राहिलेली. एका तांड्यावरच्या बायका हळदीची गाणी त्यांच्या बोलीत म्हणत होत्या आणि सखूबाईकडच्या बायका अर्थ न कळता त्यांच्या मागून! एका चुलीवर येसर आमटी (भाजलेल्या धान्याच्या पिठाची, लग्नातली), दुसरीवर रफिकच्या आईचा भोपळा घातलेला डालचा (डाळीचं कालवण). मी भातावर दोन्ही ओतून घेतलं. वाढणारी बाई पदर तोंडाला लावून म्हणाली, "ह्ये कोल्हापुरी हाय व्हय?" म्हटलं, "आजपासून!" काय चव होती, सांगतो!

तेवढ्यात कर्ण्यावर भटजी गरजले, "मुलीच्या मामांनी मुलीला मंडपात आणावे!"

ताडपत्रीच्या खोपीत रेणुका शालूत बसली होती, पण उठेना. सखूबाई डोळे पुसत बाजूला उभी.

"मामा, मला उसात न्हाई जायचं," रेणुका म्हणाली. "इथल्या संस्थेत दूध तपासायला बाई पायजे. मला घेतो म्हणत्यात. पण सासरी सगळे जोडीनं तोडीला जातात."

"नवरा पसंत नाही?"

"नवरा लई चांगला हाय ओ!" ती लाजली आणि मग भडाभडा बोलली. "तुमच्याकडं पोरी मला बीडवाली म्हणायच्या. इकडं मी बोलले की कोल्हापूरवाली आली म्हणून हसत्यात. मला एका गावची व्हायचंय, मामा. लग्न लागल्यावर माझं कोण ऐकतंय? आत्ता तुमी सांगा."

"मामांनी त्वरा करावी!" कर्णा.

मी तिचा हात धरून मंडपात गेलो. अंतरपाट धरलेला होता. भटजींनी तोंड उघडलं, त्याआधी मीच उघडलं. "व्याही, मामाचं एक मागणं आहे. भाची फडात येणार नाही. इथंच राहील, संस्थेत काम करेल."

सगळ्या माना माझ्याकडे वळल्या. नुसत्या म्हशी रवंथ करत होत्या. परक्या मुलखात, नात्याचा ना गोत्याचा, आणि भर मंडपात मागणी!

नवऱ्या मुलाचे वडील म्हणाले, "मामा, कोयता नवरा-बायकोच्या जोडीनं लागतो. पोरगं एकटं काय करंल? अन् तुमच्याच उसाला माणूस कमी पडंल की!"

"पडू द्या! मी तोडतो!" मी ओरडलो.

माझ्या पोटाकडे बघून मंडप खदाखदा हसला. हसणं थांबायच्या आत अंतरपाटाआडून नवऱ्या मुलाचा, बाळूचा आवाज आला, "आबा, मी धाकल्यासंगं जोडी लावतो. हिला ऱ्हाऊ द्या."

आबांनी माझ्याकडे, मग सखूबाईकडे पाहिलं. "मामाचा शब्द मंडपात मोडू न्हाई," ते पुटपुटले. "म्हना, भटजी."

मी नवरीच्या पाठीशी उभा राहिलो. ज्वारीच्या अक्षता डोक्यावर पडत होत्या आणि मी लहान पोरासारखा रडत होतो, हसतही होतो. रफिकने कानात सांगितलं, "मामू, रुमालाला नाक नका पुसू."

परतीच्या एसटीत एकच विचार येत होता. दरसाल अर्धं बीड आमच्या शिवारात नांदून जातं आणि मी बीडला गेलो तो आयुष्यात पहिल्यांदा. याचं मला एकट्यालाच हसू फुटायचं आणि शेजारचा प्रवासी सरकून बसायचा.

दसऱ्यानंतर टोळीचा ट्रक आला. मी सकाळपासून रस्त्यावर उभा. खरं सांगतो, मंडपातला शब्द घरी गेल्यावर टिकतो की नाही याची धास्ती होती. सखूबाई उतरली, यंदा तिच्याच टोळीत आलेले आबा उतरले, बाळू आणि त्याचा धाकटा भाऊ उतरले. मी ट्रकमध्ये चढून भांड्याकुंड्यांच्या मागे पाहिलं. कुणी नव्हतं.

"मामा, ती न्हाई आली," बाळू म्हणाला.

मी घरातून गुळाची ढेप आणली, तिथंच फोडली आणि येणाऱ्याजाणाऱ्याच्या हातावर खडा ठेवत सुटलो. "काय हो, कोण आलं?" लोक विचारत होते.

"कोण नाही!" मी सांगत होतो. "माझी भाची आली नाही!"