रानकांद्याचा महादेव

अख्ख्या परभणी जिल्ह्यात बायकोपेक्षा कांद्याची जास्त काळजी वाहणारा एकच माणूस आहे, आणि तो नेमका माझा साडू निघाला. कांदा भज्यातला नव्हे (माझं वनस्पतिशास्त्र तिथंच संपतं), रानकांदा. वर्षभर जमिनीखाली दडून बसतो आणि पावसाळ्यात थोडे दिवस पांढरं फूल वर काढतो. बाकी सगळा नांगराखाली आणि मुरमाच्या खदानीत गेला. उरलाय तो चारठाण्याजवळच्या माळावर, अंगणाएवढ्या तुकड्यात. साडूंचं कापडाचं दुकान आहे, पण गिऱ्हाईक साड्या उलगडून बसतं आणि शेठ माळावर पालथे. भाचीच्या लग्नात अक्षता थांबल्या, कारण मामा रानडुकरं हाकलायला गेले होते. डुकरं कांदे उकरतात ना!

एकदा मुरूम काढायला जेसीबी आला. साडू सरळ आडवे झाले. ड्रायव्हर म्हणाला, "आप्पा, कांद्यापायी जीव द्यायलाव का? बाजारात लय स्वस्त हाय की!" त्या संध्याकाळी साडूंनी तिथं एक गोल दगड उभा केला, भस्माचे आडवे पट्टे ओढले, बेल वाहिला. बुद्धी त्यांची, दगड वाहून कंबर गेली ती माझी. सकाळी ड्रायव्हरनं चपला काढल्या, नमस्कार केला आणि मशीन दुसरीकडं नेलं.

साडू आठवडाभर जग जिंकल्यासारखे हिंडले. मग श्रावणी सोमवार उजाडला. बाया आल्या. देवाला फूल हवं, आणि माळावर फूल एकच जातीचं. दुपारपर्यंत महादेव पांढराशुभ्र, माळ मोकळा.

"मावशी, तोडू नका! बीच धरणार न्हाई. केवडा चालत न्हाई तसं हे बी देवाला चालत न्हाई!"

"तुमाला कुणी सांगितलं?"

"मीच बसवलाय त्याला!"

"असं म्हनू नगा आप्पा, पाप लागंल. सोयंभू हाय देव."

तेव्हापासून दर श्रावणी सोमवारी साडू घरची कण्हेर ओरबाडून टोपलीभर फुलं पायवाटेवर वाटत बसतात. मेहुणी माझ्याशी बोलत नाही. टोपली मी धरतो ना.

यंदा शेवटच्या सोमवारी दगडामागं एकच फूल उरलं होतं. एक म्हातारी वाकली, हात पुढं केला. साडूंनी अख्खी टोपली तिच्यापुढं धरली. तिनं टोपलीकडं पाहिलं, साडूंकडं पाहिलं.

"ऱ्हाऊ द्या बाबा," ती म्हणाली, "तिथून बी दिसतंय देवाला."

ती गेली. दुकान उघडायची वेळ कधीच टळून गेली होती. आम्ही दोघं तसेच बसून राहिलो, ते फूल वाऱ्यानं हलताना बघत.