बुजगावण्याच्या अंगावरचं जाकीट

हे मी आजवर कोणाजवळ बोललो नाही. बायकोजवळसुद्धा नाही. सांगायला बसलो की गोळीपासून सुरुवात करतो — आणि गोळी तर साऱ्या गावाला माहीत आहे. मग मी लपवलं काय? जाकीट. थांबा, नीट सांगतो.

कळंबच्या अलीकडे आमचं तुरीचं वावर. रानडुकरं पीक लोळवायची, म्हणून मी त्यांना मारायचा परवाना काढला. पीक राखायची बंदूक घरात होतीच. वनरक्षकानं दोन नारिंगी जाकिटं दिली, चमकत्या पट्ट्यांची. बजावलं — शिकारीला उतरणाऱ्या प्रत्येकाच्या अंगात हे पाहिजे, नसेल तर बंदूक उचलायची नाही. आणि ते बघायचं काम बंदूकवाल्याचं. म्हणजे माझं.

एक माझं, दुसरं थावराचं. थावरा शेजारच्या तांड्यावरचा. त्याचं वावर माझ्या वावराला लागून. तो तुरीत शिरून डुकरं उठवायला डबा वाजवायचा, मी बंदूक घेऊन धुऱ्यावर, बांधावर, उभा राहायचो. पण त्याचं जाकीट मी बुजगावण्याला घातलं होतं. पट्ट्या चमकल्या की डुकरं फिरकत नाहीत, असं मला वाटायचं. खरंच फिरकत नव्हती का? आता आठवत नाही.

गोळी सुटली त्या सकाळी त्यानं विचारलं होतं, “काका, माह्यं जाकीट कुठी हाय?”

“बुजगावण्याच्या आंगात. तुले कायले पायजे? तुह्या बोंबलण्यानंच डुक्कर पयते.”

“म्हंजे माह्याहून बुजगावण्याचाच जीव मोठा म्हना!” तो हसला आणि तुरीत शिरला.

तूर डोक्याइतकी वाढलेली. आत काहीतरी काळं हललं. मी चाप ओढला. त्याचं काळं स्वेटर होतं ते. छर्रे गुडघ्यात घुसले.

ती चूक होती, असं मी स्वतःला सांगतो. पण पुढचं? माणसं धावत आली, त्याला ट्रॅक्टरवर घालून घेऊन गेली. मी मागे राहिलो. बुजगावण्याचं जाकीट उतरवलं, त्याला चिकटलेल्या कडब्याच्या काड्या एकेक करून वेचल्या, आणि ते तुरीच्या कडेला टाकून दिलं. पंचनाम्यात मी सांगितलं, “मी देल्लं होतं साहेब. घाम आला म्हून त्यानंच काढलं असन.”

माझ्यावर काही आलं नाही. थावराचा पाय मात्र कायमचा वाकडा झाला, आणि वर तोच वेंधळा ठरला. त्याची बायको चारचौघांत म्हणायची, “आंगातलं जाकीट संभाळता येत नाही या मानसाले!” तो मान खाली घालायचा.

आणि इथेच माझं डोकं चालत नाही. दवाखान्यातून आल्यावर तो मला म्हणाला, “काका, मीच काढलं असन. मले काही याद नाही.” त्याला खरंच आठवत नव्हतं? की सगळं आठवत होतं आणि तो मला वाचवत होता? बुजगावण्याची ती थट्टा कोणी विसरतं का? विचारावं, तर आधी मला कबूल करावं लागलं असतं. मी विचारलं नाही. त्याच्या ओसरीवर बसून त्याच्याच घरचा चहा प्यालो.

गेल्या उन्हाळ्यात थावरा वारला. तांड्यावर अजूनही शिकारीला जाणाऱ्या पोरांना सांगतात — जाकीट काढू नका, नाहीतर थावरासारखं होईल.

त्याच्याकडे मी कितीदा तरी गेलो. वाटेनं एकच वाक्य घोकत जायचो — थावरा, जाकीट मी तुले देल्लंच नव्हतं, माफ कर मले. तो काठी टेकत दारात यायचा. आणि माझ्या तोंडून निघायचं, “काय थावरा, पाय कसा हाय?”