शाबासकीचा फोटो

बायकोबरोबर मी शेवटचं साधंसुधं काम केलं ते मटार सोलायचं. हडपसरच्या घरात, संध्याकाळी. माझे हात ओले म्हणून मोबाइल तिच्याकडे. मी सांगत गेलो, ती टाइप करत गेली. पुढे तिचं दुखणं निघालं, मग नुसते दवाखाने. ती संध्याकाळ डोक्यातून जात नाही, आणि बायको गेली एवढंच त्याचं कारण नाही.

मी दहावीवर पोलीस शिपाई म्हणून भरती झालो, सहायक फौजदार होऊन बाहेर पडलो. शेवटी शेवटी साहेबांनी मला शाळांची ड्युटी दिली. शाळेत जायचं आणि पोरांना बजावायचं, नाव, पत्ता, शाळा नेटवर कुणाला देऊ नका. शिक्षण कमी असलं तरी आवाज होता. एका शाळेत याच विषयावर चित्रांची स्पर्धा घेतली. नववीतली एक मुलगी पहिली आली. प्रशस्तिपत्रक हातात घेतलेला तिचा फोटो मी चौकीच्या फेसबुक पेजवर टाकायला घेतला. घरची परिस्थिती बेताची, चार लोकांनी कौतुक करावं म्हणून बायकोला म्हटलं, "लिही, लोणी काळभोरहून रोज एकटी बसने येते. वडील रिक्षा चालवतात." नाव आणि शाळा प्रशस्तिपत्रकावर दिसतच होती.

काही दिवसांनी तिच्या वर्गशिक्षिकेचा चौकीत फोन आला. मुलगी शाळेत येत नाही, मोबाइलवर, इन्स्टाग्रामवरून, कुणीतरी धमकावतंय. बापलेकीला बोलावून घेतलं. मेसेज वाचले. "तुझी शाळा माहीत आहे, बस माहीत आहे. तुझा बाप रिक्षावाला. एकटी येतेस ना? फोटो पाठव, नाहीतर स्टॉपवर भेटू." तिने फोटो पाठवला नव्हता. भिऊन घरात बसली होती.

अशा मुलीचा जबाब महिला अंमलदाराने घ्यायचा असतो. आमची अंमलदार साध्या कपड्यांत मुलीसमोर बसलीही होती. मी मध्येच तोंड घातलं.

"कुणाला दिलीस एवढी माहिती? घसा फोडून सांगितलं होतं ना? वर बक्षीसही घेतलंस!"

चौकीतली सगळी माणसं बघत होती. मुलगी खाली मान घालून. बाप हात जोडून म्हणाला, "सायेब, मोबाइल काढून घेतलाय. शाळा बी बंद करतो. आमाला ह्ये नगं."

शाळा बंद करू नका, असं मी म्हणालो नाही.

अंमलदार माझ्या मुलीच्या वयाची. ती म्हणाली, "काका, जरा गप्प बसता का?" मग मुलीकडे वळली. "बाळा, त्याला हे कुठून कळलं असेल?"

"मी नाही सांगितलं," मुलगी पहिल्यांदा बोलली. "बाबा रिक्षा नाही चालवत. दुधाचा टेम्पो चालवतात. मी सांगितलं असतं तर खरं तरी सांगितलं असतं ना."

बक्षिसाच्या दिवशी तिचा बाप खाकी शर्ट घालून आला होता. तेवढ्यावर, न विचारता, मी त्याला रिक्षावाला ठरवलं होतं. माझी चूक त्या हरामखोराने जशीच्या तशी उचलली होती. अंमलदाराने पेज उघडून वाचलं आणि मोबाइल माझ्यापुढे सरकवला.

सायबरवाल्यांनी माणूस कोथरूडमधून उचलला. चांगल्या नोकरीतला, स्वतः दोन मुलांचा बाप. मी दरडावलं, "पोरीकडून माहिती कशी काढलीस?" तो म्हणाला, "काढायची काय गरज साहेब? तुमच्याच पेजवर होती." माझे सहकारी भिंतीकडे बघत राहिले. कुणी हसलं असतं तर बरं वाटलं असतं.

घरी येऊन बायकोला सांगितलं. "बटण मीच दाबलं," ती म्हणाली. मग म्हणाली, "अहो, पण आपण तिला विचारलं होतं का?"

इतकी वर्षं लोकांना प्रश्न विचारून पोट भरलं, हा एक सुचला नव्हता. पोरं बिचारी तोंड मिटून असतात. त्यांचं नावगाव आपण वाटतो. शाळा वाटते, क्लासवाले वाटतात, मामा-आत्या वाटतात, आणि वर त्याला कौतुक म्हणतो. बायको गेली तेव्हा पुतण्याने तिचा फोटो ग्रुपवर टाकायला मागितला. म्हटलं, नको. आता तिला विचारता येत नाही.

तर बायकोने तो प्रश्न विचारला त्याच्या दुसऱ्या दिवशी उजाडताच मी साध्या कपड्यांत लोणी काळभोरला गेलो. वर्दी बघून शेजारी जमले असते. बाप टेम्पो धूत होता. म्हटलं, "माहिती मी फोडली. पोरीचा काही दोष नाही. तिची शाळा बंद करू नका."

"हितं अंगणात काय सांगताय?" तो म्हणाला. "चौकीत समद्यांदेखत बोलला व्हता तिला."

बरोबर होतं त्याचं. मी म्हटलं, "शाळेत सांगतो. समद्यांदेखत."

त्याने माझ्याकडे नीट पाहिलं. मग घरात हाक मारली, "दप्तर घे गं."

तिघं त्याच टेम्पोतून शाळेत आलो. गेटच्या अलीकडेच मी उतरलो, माझ्याबरोबर तिला कुणी बघू नये म्हणून. प्रार्थनेनंतर मुख्याध्यापकांकडून माइक मागून घेतला आणि मुलांना सांगितलं, तुमच्यातल्या एकाची माहिती नेटवर गेली, ती मी टाकली, न विचारता, आणि ओरडलोही त्यालाच. मुलगा की मुलगी, ते कळू दिलं नाही. ती कुठल्या रांगेत उभी आहे ते मला दिसलं होतं. बोलून होईपर्यंत मी त्या बाजूला मान वळवली नाही.