लॅपटॉपचं कपाळ

"अहो, कुठे लावलंत? कुठे लावलंत म्हणते मी!"

आमच्या हिची ही हाक कशेडी घाटापर्यंत पोचली असणार. चढणीला लागलेल्या एखाद्या ट्रकवाल्याने मागून कुणीतरी हॉर्न देतंय असं समजून बाजूही दिली असेल. मी मात्र शांत होतो. अनामिका कुंकवात बुडालेली, डाव्या हातात पूजेचं ताट, आणि समोर टेबलावर जावयाचा लॅपटॉप, मळवट भरून बसलेला.

"कपाळाला लावलं," मी म्हटलं.

"लॅपटॉपला कपाळ असतं?"

"मग काय असतं? पुढची बाजू म्हणजे कपाळ. स्कूटरला आपण मागच्या नंबरप्लेटवर लावतो का?"

आता यात माझं काय चुकलं, ते तुम्हीच सांगा. महाडात माझं हार्डवेअरचं दुकान. ज्याच्यावर आपलं पोट चालतं त्याची दसऱ्याला पूजा करायची, ही आमच्या घरची रीत. सकाळीच दुकानात जाऊन मी वजनकाटा, पाईप कापायची करवत, ड्रिल मशीन, शटरचं कुलूप या सगळ्यांना हळदकुंकू लावून आलो होतो. (एका वर्षी झेंडूचा हार स्कूटरच्या चाकात गेला आणि स्कूटरने मला भर बाजारात साष्टांग नमस्कार घालायला लावला. पण त्यात पूजेचा दोष नव्हता.) त्या दिवशी लेक मंजू आणि जावई शैलेशराव मुंबईहून आले होते. लग्नानंतरचा त्यांचा पहिला दसरा. जावयाचं पोट या लॅपटॉपवर चालतं, म्हणजे तो त्याची तलवार. घरात आलेली तलवार बिनपूजेची कशी ठेवायची? त्यात विजयमुहूर्त दुपारचा. आणि जावई तर श्रीखंडपुरी हाणून आतल्या खोलीत झोपलेला. मग मुहूर्त साधायचा कुणी? सासऱ्याने.

शिवाय जेवताना शैलेशराव स्वतःच म्हणाले होते, "अण्णा, याला माऊस लागत नाही. पडद्याला नुसतं बोट लावायचं."

मी बोट लावलं.

त्या काळात महाडात लॅपटॉप म्हणजेच नवल होतं. त्यात हा बोटाने चालणारा. शैलेशरावांच्या पंपांच्या कंपनीने गिऱ्हाइकांना नकाशे दाखवायला तो खास दिलेला. दुसऱ्या दिवशी सकाळी बिरवाडीच्या पलीकडे एका कारखान्यात मोठ्या साहेबांसमोर त्यांना तो उघडायचा होता. साहेबांना काम पसंत पडलं तर कंपनी इथेच एक छोटं ऑफिस काढणार, शैलेशराव तिथे बसणार, आणि आमची मंजू मुंबई सोडून बिरवाडीत राहायला येणार. म्हणजे अगदी हाकेच्या अंतरावर. (हिची हाक कुठवर जाते, ते वर आलंच आहे.) हिने तर अजून न घेतलेल्या खोलीसाठी पडद्यांचं कापडही निवडून ठेवलं होतं.

आणि त्या पडद्यांच्या आड आता हा पडदा आला होता. वरच्या बाजूला ओल्या हळदीची दोन बोटं, त्यावर कुंकू, आणि त्यात अंगठ्याने दाबून बसवलेल्या अक्षता. मी लावलं तेव्हा तो झोपलेला, काळाकुळकुळीत होता. लावताक्षणी उजळला. मला वाटलं, देव पावला.

"आधी पुसा ते. जावई उठायच्या आत," ही म्हणाली आणि पदर घेऊन सरसावली.

"थांब, पदर जरीचा आहे. ओरखडा पडेल," मी म्हटलं.

आतून घोरण्याचा आवाज आला. जावई घोरतोय तोवर आपण सुरक्षित, हे आम्ही दोघांनी एकमेकांकडे न बघता ठरवून टाकलं.

"मग बोटाने काढते."

"सकाळी रांगोळी घातलीस ना? नखांत आहे अजून. रांगोळी म्हणजे दगडाचं पीठ. पॉलिशपेपर वेगळा कशाचा असतो? मी विकतो, मला माहीत आहे."

तेवढ्यात माझी आत्या माजघरातून बाहेर आली. पोलादपूरच्या वरच्या अंगाला डोंगरात तिची वाडी. सणाला आमच्याकडे आलेली. मी पन्नाशी ओलांडली तरी तिच्या लेखी अजून बाळ्याच.

"काय रे बाळ्या, मशिनीचं लगीन लावतोस काय?"

"आत्या, कुंकू चुकून लागलंय. पुसायचंय."

"मग त्यात काय हाय? फुंकर मार. सुकला की झडतंय."

मी फुंकर मारली. कुंकू हललं नाही. "नाय रे, पोटातून मार," असं म्हणत आत्याने मला बाजूला सारलं आणि पोटातून फुंकर मारली. तिच्या तोंडात मिश्री होती.

आता पडद्यावर हळद होती, कुंकू होतं, अक्षता होत्या आणि शिवाय सगळीकडे तपकिरी नक्षत्रं होती. ही खुर्चीत बसली. "पडदे राहिले," एवढंच म्हणाली.

घरातला कर्ता पुरुष म्हणून मी सूत्रं हाती घेतली. दुकानातल्या काचेच्या कपाटांना मी वर्षानुवर्षं ओल्या वर्तमानपत्राने लख्ख करत आलोय. काच ती काच. मी पुरवणीचं पान बुडवलं, पिळलं आणि आधी खालच्या मिश्रीवरून एक हात फिरवला.

आणि लॅपटॉप पिसाळला. मी डावीकडे पुसलं की एक चौकोन उघडे, उजवीकडे पुसलं की तीन. पंपाचं चित्र आलं, ते एवढं मोठं झालं की नुसता नटबोल्ट दिसू लागला, मग गेलं. कुठूनतरी सनई वाजायला लागली. (मंजूच्या लग्नाची चित्रफीत निघाली ती. आत्या म्हणाली, "मी बोललेलं ना, लगीन हाय.") मी घाबरून सनई पुसायला गेलो, तर सनई थांबली आणि अख्खा पडदा उलटा झाला. पंप खाली डोकं वर पाय.

"उलटा झाला गो बाय," आत्या हिला म्हणाली, जसं काही हिला दिसतच नव्हतं.

"मग सरळ करा ना."

मी सरळ केला. म्हणजे लॅपटॉपच उचलून उलटा धरला. त्याबरोबर दाबून बसवलेल्या अक्षता एकेक करून टेबलावर पडल्या. त्या दुपारी माझ्या हातून झालेलं हे पहिलं शहाणपणाचं काम, आणि तेही मी केलं नव्हतं. त्या अक्षतांवरून पेपर फिरला असता तर पडद्यावर शेत नांगरून निघालं असतं.

लॅपटॉप पुन्हा टेबलावर ठेवला, तर पडदा आपोआप सरळ, आणि कपाळाशीच एक प्रश्न उभा. इंग्रजीत. खाली दोन चौकोन. एकावर 'येस'. दुसऱ्यावर कुंकू.

"काय विचारतोय तो?" हिने विचारलं.

"तुम्हाला खरोखर..."

"खरोखर काय?"

"पुढे हळद आहे."

हिने डोळे मिटले. "अहो, सगळं पुसून टाकू का विचारत असेल. नाही म्हणा."

"नाही हे कुंकवाखाली आहे."

"हो म्हण रे," आत्या म्हणाली. "सणाच्या दिवशी नाय बोलू नये."

मला तो मुद्दा पटला. माझं बोट 'येस'च्या दिशेने निघालं. आणि आत घोरणं एकदम थांबलं. आम्ही तिघं जागच्या जागी पुतळे. मग आत कूस बदलल्याचा आवाज आला, आणि पुन्हा घोरणं सुरू झालं, पहिल्यापेक्षा मोठं.

माझं बोट अजून हवेतच होतं, तेवढ्यात दारातून मंजू आली. शेजारी सोनं वाटायला गेली होती. हातात आपट्याची पानं तशीच. तिने पडदा बघितला, मला बघितलं, आत्याचं तोंड बघितलं. पोरगी हुशार. तिने माझं बोट धरून बाजूला केलं आणि लॅपटॉपचं एक बटण बराच वेळ दाबून धरलं. पडदा काळा झाला.

"गेला?" हिने विचारलं.

"बंद केला, आई. चालू असताना पुसलं की त्याला वाटतं आपण काहीतरी सांगतोय."

"मी दुकानातून थिनर आणू?" मी म्हटलं. "ऑइलपेंट निघतो त्याने. कुंकू काय घेऊन बसलात?"

आत जोराचा ठसका लागला.

"श्रीखंड," ही म्हणाली.

"पण हे घोरत नाहीत कधी," मंजू खोलीकडे बघत म्हणाली.

"माझं श्रीखंड खाऊन सगळे घोरतात."

"अण्णा, थिनरने कुंकू जाईल आणि पडदाही जाईल. वरून काही ओतायचं नाही, फवारायचं नाही. मऊ सुती कापड हवं. जुनं, पुष्कळ धुतलेलं. ते पाण्यात बुडवून कोरडं होईस्तोवर पिळायचं आणि अलगद टिपायचं. दाबायचं नाही. द्या कापड."

सोपं होतं. आणि इथेच घोडं अडलं. दसऱ्याचा दिवस. हिच्या अंगावर जरीची साडी, मंजूच्या अंगावर जरीची साडी, आत्याचं लुगडं नवं, खळीने कडक. माझा झब्बा रेशमी, त्याला गळ्याशी कलाबूत. टॉवेल पाहिले, तर सगळे आहेरातले, खरखरीत. मग जुनी कापडं? नवरात्राच्या साफसफाईत हिने घरातला एकूणएक जुना कपडा भांडीवालीला घातला होता. माझे दोन मऊ लेंगे, तीन शर्ट, उशांचे अभ्रे, सगळं एका स्टीलच्या पातेल्यात गेलं. दुपारचं श्रीखंड आम्ही ज्यातून वाढून घेतलं, ते माझे लेंगेच होते.

"एक आहे," ही सावकाश म्हणाली आणि माझ्या छातीकडे बघू लागली.

"नाही," मी म्हटलं.

आमच्या संसारात त्या बनियनवरून जेवढे तह मोडले, तेवढे रायगडानेही पाहिले नसतील. त्याला भोकं होती म्हणणं चूक आहे. भोकं होती, आणि त्यांच्या कडेकडेने थोडं बनियन होतं. धुऊन धुऊन ते असं झालं होतं, की उन्हात वाळत घातलं तर त्याची सावली पडत नसे. भांडीवाली गल्लीत असेपर्यंत मी ते अंगातून काढत नसे. ती गेल्यावर ते धुवायला पडायचं, तेही माझ्या नजरेखाली.

"अण्णा, आज धुतलेलं आहे का?" मंजूने विचारलं.

"सकाळीच अंघोळीनंतर घातलं. पण आत्या समोर आहे."

"मी तुला उघडा न्हाऊ घातलाय रे," आत्या म्हणाली. "काढ."

मी झब्बा काढला. बनियन काढलं. मंजूने पाठीकडचा धड भाग निवडला (तसा एकच होता), पिण्याच्या पाण्यात कोपरा बुडवला आणि एवढा पिळला की त्याला पाणी आठवेना. मग तान्ह्या बाळाचं तोंड पुसावं तसं ती टिपू लागली. एका बाजूने दुसऱ्या बाजूला. कापडाची घडी बदलून पुन्हा. आधी मिश्री गेली. मग कुंकू. हळदीने मात्र फार अंत पाहिला. आम्ही तिघं टेबलाभोवती उभे, आणि आत जावई संथ लयीत घोरतोय, कुठे घाई नाही, कुठे गडबड नाही, सनईमागे सूर धरावा तसा. शेवटी मंजूने कोरडा कोपरा फिरवला आणि पडदा खिडकीकडे वळवून तिरका धरला.

एक ओरखडा नव्हता. बनियन मात्र हळदीकुंकवाने पुरतं सौभाग्यवती होऊन माझ्या हातात परत आलं होतं.

नेमकं त्याच वेळी घोरणं थांबलं आणि शैलेशराव दारात आले. समोर सासरा, कमरेच्या वर उघडा, एका हातात पूजेचं ताट, दुसऱ्या हातात पिवळं बनियन.

"काय चाललंय, अण्णा?"

"पूजा."

"उघड्याने?"

"आमच्यात सोवळ्यात करतात."

त्यांनी लॅपटॉपकडे बघितलं, बनियनकडे बघितलं आणि म्हणाले, "छान. चहा मिळेल का?"

दुसऱ्या दिवशी ते बिरवाडीला गेले, लॅपटॉप उघडला, पंप सरळ उभा होता. पुढे यथावकाश ऑफिस निघालं, मंजू बिरवाडीत राहायला आली, हिचे पडदे लागले. मी पाहुणेरावळे, गिऱ्हाईक, एस.टी.त शेजारी बसलेला अनोळखी माणूस, सगळ्यांना सांगत सुटलो, की ते ऑफिस माझ्या दसऱ्याच्या पूजेने आलं. पडदा, मिश्री आणि बनियन हा भाग मी गाळत असे. जावयाला यातलं काही ठाऊक नाही, याचा मला केवढा आधार होता.

एकदा बिरवाडीत त्यांच्याकडे जेवून आम्ही सासरा-जावई बसलो होतो. मी पान लावत होतो. शैलेशराव लॅपटॉप पुसत होते. अलगद, एका बाजूने दुसऱ्या बाजूला. हातातलं कापड पिवळट होतं, आणि त्याला भोकं होती. माझं बनियन त्याच दसऱ्याला नाहीसं झालं होतं आणि मी इतके दिवस भांडीवालीला शिव्या देत होतो.

मी सहज विचारावं तसं विचारलं, "काय हो, त्या पहिल्या दसऱ्याला आमच्याकडे तुम्हाला झोप छान लागली होती, नाही?"

"नाही. आईंनी 'कुठे लावलंत' विचारलं, तेव्हाच जाग आली."

"मग घोरत कोण होतं?"

"मीच."

"अहो, पण का?"

त्यांनी कापडाची घडी बदलली.

"मी उठलोय कळलं असतं, तर तुम्ही घाई केली असती. घाईत ओरखडा पडतो."